एवढ्याशा फोनवर सिनेमा कसा बघता?

तुम्ही विचारलंत म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लोकलमध्ये, कार्यालयात, लग्नाच्या पंगतीत, जिथे कुणाची नजर माझ्या फोनवर पडते तिथे हा प्रश्न ठरलेला असतो: "एवढ्याशा फोनवर तुम्ही सिनेमे कसे बघता?" फोनमधली कंपनीची प्रणाली काढून मी मुक्तस्रोत, म्हणजे जिचा कोड सर्वांना वाचायला-बदलायला खुला आहे अशी, प्रणाली बसवली आहे हे कळले, की पाठोपाठ दुसरा येतो: "एवढा खटाटोप करणारा माणूस मसालापट आवडीने बघतो?" पहिल्याचे उत्तर असे, की मी फोनवर सिनेमे बघतच नाही. दुसऱ्याचे उत्तर 'हो, मनापासून' असे आहे. फोन लहान का, त्यातले सॉफ्टवेअर मुक्त का आणि सिनेमा मोठ्या पडद्यावर का, या तिन्ही गोष्टी माझ्या मनात एकाच धाग्याने बांधलेल्या आहेत. जी वस्तू मी पैसे मोजून घेतो ती माझ्या हातात मावावी, ती माझ्या ताब्यात राहावी, आणि जिथे मी स्वतःला विसरून रमतो ती जागा तिच्याहून मोठी असावी.

आधी हाताचे बोलू. मी रोज मुलुंडहून मध्य रेल्वेने फोर्टला कामाला जातो. घाटकोपर येईपर्यंत एक हात वरच्या कडीला, सॅक पुढे पोटाशी आणि मोकळा उरलेला एकच हात, अशी स्थिती होते. त्या एका हाताने फोन धरायचा आणि त्याच हाताच्या अंगठ्याने तो चालवायचाही, तर महत्त्वाची ठरते ती फोनची रुंदी. आणि जाहिरातीत सांगतात ते इंच कर्णाचे असतात. पडदे पूर्वी १६:९ प्रमाणाचे होते, नंतर ते उंच आणि अरुंद होत गेले. जुन्या प्रमाणाचा ५.५ इंची पडदा सुमारे ६८ मिलिमीटर रुंद भरतो, तर १९.५:९ प्रमाणाचा ५.८ इंची पडदा ६२ मिलिमीटरच्या आतच राहतो. म्हणजे आकड्याने मोठा असलेला फोन मुठीत लहान असू शकतो. माझा फोन या दुसऱ्या प्रकारचा, २०२०चा, वजनाने १४३ ग्रॅम आहे. आज दुकानात सहज मिळतात ते ६.७ इंची फोन. त्यांचा पडदाच ७० मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि वजन अनेकदा २०० ग्रॅमच्या घरात जाते. असा फोन एका हाताने चालवताना तळहातावर सरकवावा लागतो, आणि कुर्ल्याच्या गर्दीत तो तसा सरकवणे म्हणजे तो सोडून देण्याची तयारी ठेवणे.

लहान फोन कुणी बनवलेच नाहीत, असे नाही. सोनीने 'कॉम्पॅक्ट' मालिकेत २०१४ मध्ये ४.३ इंची आणि ४.६ इंची पडद्यांचे फोन काढले, आणि मोठ्या फोनची सगळी ताकद त्यांत भरली. अ‍ॅपलने २०२० आणि २०२१ मध्ये ५.४ इंची 'मिनी' काढला, पण २०२२ मध्ये त्याचा वारस आला नाही. दुसरीकडे, सॅमसंगचा ५.३ इंची 'नोट' २०११ मध्ये आला तेव्हा एवढी पाटी कानाला कोण लावणार म्हणून लोक हसले होते, आणि आज तेवढ्या लहान पडद्याचा फोन सहसा मिळत नाही. यामागे कंपन्यांचा निव्वळ हट्ट आहे असे मी मानत नाही. फोन सर्व बाजूंनी थोडा आक्रसला तरी आतली जागा बरीच घटते आणि त्या घटीचा मोठा वाटा बॅटरी सोसते. पहिल्या मिनीत २२२७ मिलिअँपिअर-तासांचीच बॅटरी मावली होती. पण खरे कारण बॅटरीपेक्षा चित्रफितींचे आहे, असे माझे मत आहे. फोन हा बोलण्याचा, लिहिण्याचा, वाट शोधण्याचा असेपर्यंत लहान चालत होता. तो दूरचित्रवाणी संच झाला आणि त्याला संचाएवढे व्हावे लागले. म्हणजे तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेली गोष्टच माझ्या आवडीच्या फोनच्या मुळावर आली आहे.

आता सॉफ्टवेअर. माझ्या फोनला तीन वर्षे सुरक्षा-अपडेट देण्याचे वचन कंपनीने दिले होते आणि ते पाळलेही. २०२३ मध्ये मुदत संपली. फोन ठणठणीत होता, पडद्यावर एक ओरखडा नव्हता, पण कागदोपत्री त्याचे आयुष्य संपले होते. लहान फोन नव्याने मिळत नसताना हातातला चांगला फोन टाकून देणे मला पटेना, म्हणून एका रविवारी फोनमधले सगळे दुसरीकडे उतरवून घेतले, बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कोणती प्रणाली चालू द्यायची हे ठरवणारे कुलूप, उघडला (तो उघडताना फोन पूर्ण पुसला जातो, हे आधीच सांगून ठेवतो) आणि लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारित मुक्तस्रोत प्रणाली बसवली. हे शक्य झाले ते कुणाच्या उपकारामुळे नव्हे. अँड्रॉइडच्या गाभ्याशी लिनक्स आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला हा गाभा जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे, आणि तो बदलून फोनमध्ये घालून विकणाऱ्याने बदललेला कोडही उपलब्ध करून द्यावा अशी त्या परवान्याची अट आहे. लिनिएजओएसचा जन्मही असाच झाला. २०१६च्या डिसेंबरमध्ये सायनोजेनमॉड या तिच्या आधीच्या प्रणालीमागची कंपनी त्या कामातून बाजूला झाली, पण कोड सर्वांचा असल्यामुळे स्वयंसेवकांनी तो उचलून नव्या नावाने पुढे नेला. कंपनी गेली तरी काम उरले, हे मुक्तस्रोताचे बळ मला त्याच्या फुकट असण्याहून कितीतरी मोठे वाटते.

या वाटेवर काटे नाहीत असे मी कुणालाही सांगत नाही. फोनमधल्या मोडेमचे (मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचे) आणि आणखी काही भागांचे सॉफ्टवेअर आजही बंदिस्त आहे. फोन पूर्णपणे मुक्त झालेला नाही. माझ्या बँकेचे अ‍ॅप या प्रणालीवर उघडायलाच नकार देते, म्हणून भाजीवाल्याकडे मी अजून रोख देतो आणि बँकेची कामे घरच्या संगणकावर करतो. बाकी दिवसभराचे बहुतेक सगळे एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत भांडारातल्या अ‍ॅपवर भागते: मराठी लिहायला इंडिक कीबोर्ड, ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशांसाठी ऑरगॅनिक मॅप्स, श्राव्य मालिका (पॉडकास्ट) ऐकायला अँटेनापॉड. मुलुंड ते सीएसएमटी या प्रवासात डोळ्यांपेक्षा कानांनाच मोकळीक अधिक असते, आणि ऐकण्यासाठी पडदा किती इंची आहे याने काहीच बिघडत नाही.

मुक्तस्रोत म्हणजे रुक्ष, विद्वानांचे काम आणि लोकप्रिय करमणूक म्हणजे उथळ, अशी वाटणी करून दुसरा प्रश्न विचारला जातो. ही वाटणी इतिहासालाच धरून नाही. व्हीएलसी हा प्लेअर तुमच्यापैकी बहुतेकांनी वापरला असेल. पॅरिसच्या एकोल सेंट्रल या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना आपल्या आवारातले जुने, संथ नेटवर्क बदलून हवे होते, आणि त्यासाठी सबळ कारण म्हणून उपग्रहावरून येणारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम त्या नेटवर्कवरून सर्वांपर्यंत पोचवण्याचा प्रकल्प १९९६ मध्ये उभा राहिला. फेब्रुवारी २००१ मध्ये तो जीपीएलखाली सर्वांना खुला झाला. टीव्ही बघण्याच्या साध्या हौसेतून जगातला एक उत्तम मुक्त प्लेअर घडला. २०२२ मध्ये भारतात व्हीएलसीचे संकेतस्थळ कित्येक महिने अडवलेले होते, आणि इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या साहाय्याने कायदेशीर नोटीस गेल्यानंतर नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उघडले. त्या मधल्या काळातही आमच्या घरचा व्हीएलसी एक दिवस थांबला नाही, कारण त्याला चालण्यासाठी कुणाची परवानगी विचारावी लागत नाही.

याच्या उलट अनुभवही माझ्या गाठीशी आहे. एका ऑनलाइन दुकानातून मी जुनी चित्रपटगीते विकत घेत असे; भाड्याने नव्हे, विकत. ते दुकान बंद झाले, त्याचे अ‍ॅप उघडेनासे झाले आणि कुलूपबंद स्वरूपातली ती गाणी माझ्यासाठी कायमची मुकी झाली. घरच्या कपाटात मात्र वडिलांच्या कॅसेटी होत्या. आकाशवाणीवरची गाणी आणि नभोनाट्ये त्यांनी रेडिओसमोर बसून ध्वनिमुद्रित केली होती, आणि चाळीस वर्षांनंतरही, थोड्या खरखरीसह, त्या वाजत होत्या. मी त्या ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर एकेक करून उतरवून घेतल्या आणि फ्लॅक स्वरूपात साठवल्या, कारण त्या स्वरूपात आवाजाचा कणही गळत नाही आणि त्याचा तपशील सर्वांना खुला असल्यामुळे उद्या कुणीही त्याचा प्लेअर लिहू शकतो.

हा विषय निघाला की मला गिरगाव आठवते, कारण आईचे माहेर तिथले. १४ मार्च १९३१ रोजी तिथल्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा', भारताचा पहिला बोलपट, प्रदर्शित झाला. तो बघायला एवढी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले, असे सांगतात. आणि आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. लोकप्रिय गोष्टींची हीच शोकांतिका आहे. त्या सगळीकडे असतात, म्हणून त्या जपून ठेवाव्यात असे कुणाच्या मनात येत नाही. अभिजात संगीताला जपणारे घराणे असते, ग्रंथाला ग्रंथालय असते, पण मसालापट, व्यावसायिक नाटकातला फार्स, रात्रीची मालिका यांचे पालकत्व कुणाकडे? चित्रपटांच्या जतनासाठी अनेक अभिलेखागारे आज एफएफव्ही१ हे मुक्त स्वरूप वापरतात. ते एफएफएमपेग या चित्रफिती हाताळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात घडले आणि २०२१ मध्ये त्याचा तपशील आरएफसी ९०४३ या, इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतल्या, दस्तऐवजात सर्वांसाठी प्रसिद्ध झाला. ज्यांना करमणूक प्रिय आहे त्यांनी या कंटाळवाण्या वाटणाऱ्या नावांवर प्रेम करावे, असे मला कळकळीने वाटते.

सिनेमे मी बघतो ते दादरच्या प्लाझात. नाटके शिवाजी मंदिरात नाहीतर मुलुंडच्या कालिदासमध्ये. विनोदी नट वाक्य टाकून थांबतो, हशा वर चढू देतो, तो उतरणीला लागला की नेमके पुढचे वाक्य टाकतो; ही लय प्रेक्षागृहातल्या शेकडो माणसांनी मिळून घडवलेली असते. तेच वाक्य फोनवर, भांडुप आणि विक्रोळीच्या मधे, एकट्याने ऐकले तर विनोद कळतो, पण हसू येत नाही. मसालापटाचेही तसेच आहे. नायकाच्या प्रवेशाला वाजणारी शिट्टी हा त्या दृश्याचा भागच आहे, आणि दिग्दर्शकाने तिच्यासाठी जागा सोडलेली असते. म्हणून, फोनवर सिनेमा बघणाऱ्यांची अभिरुची हलकी आहे असे मी कधीच म्हणत नाही. त्यांच्या वाट्याला त्या सिनेमाचा तुकडाच येतो, याचे मला वाईट वाटते. घरी टीव्हीला जोडलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर 'कोडी' हे सिनेमे-गाणी लावणारे मुक्त सॉफ्टवेअर चालते. वडिलांच्या कॅसेटी त्यावरच वाजतात, आणि रात्री जेवणानंतर आईबरोबर त्यातले एखादे नभोनाट्य लावले की ती पात्रांच्या आधी त्यांची वाक्ये म्हणते.

आता "हा फोन गेला की पुढे काय?" असेही तुम्ही विचाराल, म्हणून सांगतो. मागच्या वर्षी बॅटरी दुपारपर्यंतही पुरेनाशी झाली, तेव्हा लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर मागची बाजू उघडून, जुना गोंद खरवडून, नवी बॅटरी बसवून दिली. त्याच्याकडे याच फोनचे दोन पडदे अजून शिल्लक आहेत. एक मी सांगून ठेवला आहे.