यादीत पहिलं नाव ‘झिस्ट’ आलं तर

बाळंतिणीला धाप लागते, उताणं झोपवत नाही, पाय सुजतात. कोल्हापूरकडं घरातली म्हातारी माणसं म्हणतात, “ओली बाळंतीण हाय, अशक्तपणा असणारच. डिंकाचे लाडू खा.” पुष्कळदा तो अशक्तपणाच असतो. पण कधी हृदयाचं पंपिंग ४५ टक्क्यांच्या खाली गेलेलं असतं, आणि तेव्हा ते अंगावर काढणं जिवावर बेततं. गरोदरपणाच्या अखेरीस किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत असं झालं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर त्याला पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी म्हणतात, थोडक्यात पीपीसीएम.

इकोवर हे हृदय इतर हार्ट फेल्युअरसारखंच दिसतं. डीएनएतही बरंच साम्य आहे. २०१६ साली १७२ रुग्ण बायकांचा अभ्यास आला. त्यांतल्या १५ टक्के जणींमध्ये प्रथिन अर्धवटच बनवणारे जनुकीय बदल होते, बहुतेक टायटिन या हृदयस्नायूतल्या प्रथिनाच्या जनुकात. डायलेटेड कार्डिओमायोपॅथीतही (हृदय फुगून अशक्त होण्याचा आजार) प्रमाण जवळपास तेवढंच. म्हणून नजर आरएनएकडं, म्हणजे जनुकावरून पेशीत निघणाऱ्या प्रतींकडं, वळते: जनुक तेच, पण त्याचं काम किती जोरात चाललंय? हृदयाच्या तुकड्यातला आरएनए सिक्वेन्सिंगनं मोजून दुसऱ्या गटाशी ताडला, की फरक पडलेल्या जनुकांची यादी मिळते.

इथंच बहुतेकांची फसगत होते. निरोगी हृदयाशी तुलना केली की एनपीपीए, एनपीपीबी ही हृदयावरच्या ताणाची जनुकं वाढलेली आणि एमवायएच-६ हे आकुंचनाचं जनुक घटलेलं दिसतं. पण हे कुठल्याही थकलेल्या हृदयात दिसतं, त्यात बाळंतपणाचं असं काही नाही. तुलना हवी ती डायलेटेड कार्डिओमायोपॅथीच्या, साधारण त्याच वयाच्या बायकांशी. तुलनेच्या गटात पुरुष असले तर यादीच्या डोक्यावर ‘झिस्ट’ आणि ‘आरपीएस४वाय१’ येऊन बसतात. पहिलं बायकांच्या बंद एक्स गुणसूत्राचं, दुसरं पुरुषांच्या वाय गुणसूत्राचं. म्हणजे रोग राहिला बाजूला, आपण बाई आणि पुरुष यांतला फरक मोजला. तुलनेचा गट सगळाच पुरुषांचा असेल तर डीईसेक-२ या तुलना करणाऱ्या संगणक-प्रणालीच्या सूत्रात लिंग घालूनही सुटका नाही.

दुसरी गोम पेशींच्या प्रमाणाची. कोलॅजनची जनुकं वाढलेली दिसली की लगेच फायब्रोसिसची (व्रणासारखी तंतुमय ऊती साठण्याची) कहाणी लिहिली जाते. तांबडा रस्सा जास्त लाल झाला म्हणजे मिरची जातीची असेलच असं नाही. मिरच्याच जास्त पडल्या असतील. तुकड्यात फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या पेशी, जास्त आल्या की कोलॅजन वाढणारच. मग एकेका पेशीच्या केंद्रकाचं सिक्वेन्सिंग करावं, निदान त्याच तुकड्याची स्लाइड पाहावी.

तुकडा घेतल्यावर घड्याळ सुरू होतं. तो लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा. गावोगाव कृत्रिम रेतनासाठी कंटेनरमधून नेतात तोच हा नायट्रोजन. आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात ठेवायचा तर तुकड्याची निदान एक बाजू अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर द्रावण आत पोचेपर्यंत मध्यभागाचा आरएनए तुटतो. हृदय चिवट, त्यामुळं साध्या किटनं आरएनए कमी निघतो. तंतुमय ऊतींसाठीचं किट घ्यावं, ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ऊती नको, आणि प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज-के घालून ५५ अंशांवर १० मिनिटं. पुढं उणे ८० चा फ्रीझर. पंचगंगेला पूर आला की वीज जाते हे २०१९ मध्ये आपण पाहिलंय, तेव्हा फ्रीझर तळमजल्यावर नको आणि जनरेटरचं डिझेल आधीच भरून ठेवावं.

सिक्वेन्सिंगनंतर आकड्यांना घाबरायचं नाही, पण लगेच विश्वासही ठेवायचा नाही. १५,००० जनुकं तपासली आणि पी-व्हॅल्यूला (योगायोगानंच असा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ ची रेघ ओढली, तर काहीच फरक नसताना नुसत्या योगायोगानं साडेसातशे ‘सापडतात’. म्हणून एफडीआर दुरुस्ती, म्हणजे यादीतल्या खोट्या शोधांचं प्रमाण आवरणारी दुरुस्ती, हवीच.

शिवाय नमुना कुठल्या टप्प्यावरचा? प्रत्यारोपणात काढलेलं हृदय म्हणजे आजाराचा शेवटचा अंक: महिनोन्‌महिने औषधं, कधी हृदयाला मदतीचा पंपही बसवलेला. तिथं मूळ कारण शोधणं कठीण. उंदरांतला धागा मात्र सुरुवातीचा आहे: हृदयस्नायूत स्टॅट-३ हे रक्षण करणारं प्रथिन नसलं की कॅथेप्सिन-डी हे प्रथिनं तोडणारं विकर वाढतं, ते प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक तोडतं, आणि उरलेला १६ किलोडाल्टनचा तुकडा केशवाहिन्यांना मारक ठरतो. २००७ चं हे काम. प्रोलॅक्टिन थांबवणाऱ्या ब्रोमोक्रिप्टिन या औषधाचा विचार त्यातूनच आला, आणि ते देताना रक्त पातळ ठेवणारं औषधही लागतं.

क्यूपीसीआरनं (निवडक जनुकांचा आरएनए मोजणारी चाचणी) पडताळणी करताना मोजमापाचा आधार म्हणून एकट्या जीएपीडीएच या जनुकावर विसंबू नये. थकलेल्या हृदयात ऊर्जेची जनुकंच हलतात, आणि जीएपीडीएच त्यांतलंच. दोन-तीन संदर्भ जनुकं (न हलणारी, आधाराची) घेऊन त्यांची सरासरी धरावी.