परदेशातील विवाहाची कागदपत्रे : माझा अनुभव

आम्ही दोघे वेगवेगळ्या देशांचे नागरिक आणि विवाह तिसऱ्याच देशात करायचा, त्यामुळे कागदपत्रांची यादी मी सर्वप्रथम तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयाकडून लेखी मागवली. दूतावास, वकील, परिचित असे सगळेच सल्ला देतात. पण कागद स्वीकारायचा की नाही हे नोंदणी अधिकारीच ठरवतो.

पासपोर्ट आणि जन्मदाखला यांत फारसे काही अवघड नव्हते. विवाहास कायदेशीर हरकत नसल्याच्या दाखल्याचे मात्र तसे नव्हते. माझ्या जोडीदाराच्या देशात असा दाखला देण्याची पद्धतच नाही. तेव्हा नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र चालेल, असे आम्ही कार्यालयाकडून लेखी घेतले. त्याचा पूर्वी घटस्फोट झालेला असल्याने न्यायालयाचा हुकूमनामा तर लागलाच, शिवाय तो अंतिम झाला असून अपिलाची मुदत संपली आहे, असा स्वतंत्र दाखलाही जोडावा लागला. ही मागणी मला रास्तच वाटली, कारण आधीचा विवाह कायद्याने संपला आहे की नाही यावरच नव्या विवाहाची वैधता अवलंबून असते.

अपोस्टिलबद्दल, म्हणजे सरकारी कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर लावल्या जाणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल, सविस्तर लिहायला हवे. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार सदस्य देश एकमेकांच्या सरकारी कागदांसाठी हे प्रमाणपत्र मान्य करतात. आमच्या कागदांवर चिकटवलेल्या चौकोनात फ्रेंच शीर्षकाखाली क्रमांक घातलेले दहा मुद्दे होते : देश, सही करणाऱ्याचे नाव, त्याचा हुद्दा, शिक्का, ठिकाण, तारीख वगैरे. त्यातून सही, हुद्दा आणि शिक्का खरा असल्याची ग्वाही मिळते. मजकूर बरोबर आहे, असे ते प्रमाणपत्र कुठेही म्हणत नाही. माझ्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची आद्याक्षरेच होती आणि पासपोर्टवर पूर्ण नाव होते, म्हणून आधी नाव दुरुस्त करून नवा दाखला घेतला आणि मगच अपोस्टिलसाठी अर्ज केला. संबंधित देश करारात नसेल, किंवा दोन देशांमध्ये तो लागू होत नसेल, तर बहुधा दूतावासामार्फत साक्षांकन करून घ्यावे लागते.

भाषांतर अपोस्टिलनंतर, त्या चौकोनातल्या मजकुरासह आणि तिथल्या शपथबद्ध अनुवादकाकडूनच हवे होते. त्यातच हरकत नसल्याच्या दाखल्याला मुदत होती आणि जन्मदाखलाही अलीकडेच काढलेला लागत होता. म्हणून विवाहाच्या तारखेपासून मागे मोजत प्रत्येक अर्जाचा दिवस ठरवला. फार लवकर काढलेला कागदही उशिरा काढलेल्या कागदाइतकाच निरुपयोगी ठरतो.

विवाहानंतर आम्ही विवाह प्रमाणपत्राच्या जादा प्रमाणित प्रती घेतल्या आणि त्यांवर तिथेच अपोस्टिल करून घेतले, कारण ते त्याच देशातल्या अधिकाऱ्याकडून मिळते आणि दोघांच्याही देशांतली नोंद, व्हिसा व पासपोर्टवरील बदल यांसाठी ही प्रत प्रत्येक कार्यालय मागते.