एकट्याची वाट आणि मधले तास

आश्विन, रविवारची रात्र

पाऊस ओसरला की छत्रपती संभाजीनगर, बीड, लातूरकडची पोरं एक्सपल्स नाहीतर हिमालयन मोटारसायकल काढून डोंगर जवळ करतात. कुणी अजिंठ्याच्या रांगेत कन्नडच्या अंगाला, कुणी बालाघाटात मांजरसुंबा-पाटोद्याकडे. त्यातली बरीच एकटीच निघतात, कारण सोबत्याची सुट्टी जुळत नाही. आज दिवसभर हेच डोक्यात घोळतंय, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

दगडाच्या वाटेवर गाडी पडतेच, चांगला चालवणाऱ्याचीही पडते. दोघं असले तर घोटा मोडलेला माणूस तासा-दोन तासांत रस्त्याला लागतो. एकटा असला तर पहिलं माणूस दिसायलाच संध्याकाळ होऊ शकते, आणि दिवेलागणीनंतर डोंगरात गुराखीही नसतो. त्यामुळे एकट्याने निघताना प्रत्येक गोष्ट या मधल्या तासांच्या मापाने मोजावी असं मला वाटतं. ही चढण चुकली, ही ट्यूब फाटली, हा पाय अडकला, तर कुणी पोचायला किती वेळ? उत्तर सहा-सात तासांचं येत असेल तर ती चढण त्या दिवशी सोडून द्यायची.

आपल्याकडचे डोंगर माथ्यावर सपाट आणि कडेला एकदम तुटलेले. पठारावरची बैलगाडीची चाकोरी सरळ जाता जाता गवतात विरते आणि पुढे थेट कडा असतो. या दिवसांत कुसळीचं गवत एवढं वाढलेलं असतं की धोंडा, चर, बिनकठड्याची विहीर, काहीच दिसत नाही. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) शेतात येऊ नयेत म्हणून लावलेली झटका मशीनची, विजेचा झटका देणारी तार तर जवळ जाईपर्यंत कळत नाही. शेततळ्याच्या बांधावरून गाडी कधी घालू नये. आतला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही दोराशिवाय वर येता येत नाही. गवतात दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही, आणि दिसतंय त्याच्या निम्म्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. शंका आली की उतरून पायी बघून यायचं. पाच मिनिटं जातात, जाऊ द्यावीत.

उतारावर मुरूम आणि त्यात मोसंबीएवढे गोल गोटे. इथे पुढचा ब्रेक दचकून दाबला की चाक गोट्यांवरून निसटतं आणि हँडल हातातून जातं. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, इंजिनच्या ओढीवर उतरायचं; मागचा ब्रेक हलका, पुढचा एका बोटाने आणि तोही चाक सरळ असतानाच. लांब उतारावर मागचा ब्रेक सतत दाबून धरला तर ब्रेक ऑइल उकळतं आणि पॅडल मऊ पडून खाली बसतं. तसं जाणवलं तर थांबून डिस्क पूर्ण गार होऊ द्यायची. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही.

चढणीचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण एकट्या माणसाचा घात बहुधा तिथेच होतो. अर्ध्या चढावर दम तुटून गाडी बंद पडली की हात आपसूक क्लचवर जातो. क्लच दाबला की मागचं चाक मोकळं होतं. पुढचा ब्रेक धरूनही गाडी थांबत नाही, कारण सगळं वजन मागच्या चाकावर गेलेलं असतं आणि पुढचं चाक लॉक होऊन मुरुमावरून नुसतं मागे सरकतं. मग हँडल वळतं आणि माणूस खाली, गाडी वर. म्हणून इंजिन बंद पडलं तर गाडी गिअरमध्येच राहू द्यायची आणि क्लच सोडून ठेवायचा. बंद इंजिन मागच्या चाकाला धरून ठेवतं. पुढचा ब्रेक दाबलेलाच ठेवून चढाच्या अंगाचा पाय टेकायचा आणि गाडी त्याच अंगाला सावकाश आडवी करायची. उतरायचंही वरच्याच बाजूला. मग पुढचं चाक थोडं थोडं ओढत तोंड उताराकडे आणायचं, गाडी उभी करायची, बसायचं आणि इंजिन चालू न करता पहिल्या गिअरमध्ये क्लच जरा जरा सोडत खाली यायचं. या सगळ्यात एकदाही गाडीच्या खालच्या अंगाला उभं राहायचं नाही.

पडलेली गाडी उचलताना आधी चाकं कोणत्या बाजूला आहेत ते बघायचं. चाकं चढाकडे असतील तर ती एकट्याने उचलली जात नाही. गाडी जमिनीवरच फिरवून चाकं उताराकडे आणावी लागतात. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे कोसळते. पहिला गिअर टाकायचा म्हणजे ती घरंगळत नाही. सीटला पाठ लावून बसायचं, एका हाताने खालची मूठ आणि दुसऱ्याने मागचा कॅरिअर धरायचा, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे रेटत उठायचं. एक्सपल्स दीडशे किलोच्या वर आहे, हिमालयन दोनशेच्या घरात. कमरेने उचलायला गेलं तर कंबर जाते. एकाच चढणीवर तिसऱ्यांदा गाडी उचलावी लागली की परत फिरावं. चौथ्या वेळेला हातात बळ उरलेलं नसतं आणि तेव्हाच पाय खाली सापडतो.

पाय सापडला तर सगळ्यात आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण. मग सायलेन्सर कुठे टेकलाय ते बघायचं. तापलेला पाइप नायलॉनची पँट वितळवून कातडीला चिकटवतो. सपाट जागी हँडल आणि फुटरेस्टमुळे गाडीखाली पोकळी राहते, मोकळा पाय सीटच्या कडेला लावून रेटलं तर अडकलेला निघतो. गोट्यांत ही पोकळी मिळत नाही. तिथे बुटाचे बक्कल काढून पाय बुटातून सोडवता येतो का ते बघायचं, नाहीतर पायाखालचा मुरूम उकरायचा. उकरायला टायर लिव्हर (टायर काढायची लोखंडी पट्टी) उत्तम, पण ती मागच्या बॅगेत असेल तर हात पोचणार नाही. म्हणून एक लिव्हर, शिट्टी, पाणी आणि फोन अंगावरच हवेत. हँडलला लावलेला फोन नकाशा बघायला सोयीचा, पण माणूस एकीकडे आणि गाडी दहा हात खाली असं झालं की तो फोन काहीच कामाचा नाही.

टायरमध्ये १८ ते २० पीएसआय हवा ठेवली की पकड चांगली मिळते. एकट्याने जाताना मी २२ म्हणेन. हवा कमी असली की दगडाच्या ठोक्याला ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. ट्यूब एकच न्यायची तर २१ इंची पुढची न्यावी. एक्सपल्सच्या १८ इंची मागच्या चाकातही ती घरापर्यंत हळूहळू निभावते. बाभळीच्या काट्याचं पंक्चर असेल तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवावं, मोडलेलं टोक तिथेच रुतलेलं असतं. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प जेमतेम आवळावेत, म्हणजे आपटल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरते. नवी क्लच वायर जुनीच्या शेजारीच बांधून ठेवावी.

पायथ्याच्या ओल्या काळ्या रानात गाडी घालूच नये. चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये दाबून बसतो, चाक फिरायचं थांबतं, चालवणारा रेस देत राहतो आणि क्लचप्लेटा जळतात. मागून ढकलायला कुणी नसतं.

पाणी चार लिटर, ओआरएसच्या पुड्या सोबत. ऑक्टोबरचं ऊन आणि अंगावर जाड जॅकेट, तहान लागायच्या आधीच डोकं जड होतं आणि साधे निर्णय चुकायला लागतात. कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर त्याखाली गाडी रेस करत थांबू नये. माश्या उठल्याच तर हेल्मेटची काच बंद, मान झाकलेली, आणि गाडी तिथेच टाकून दूर निघायचं.

मदतीचं गणित आपल्याकडे वेगळं आहे. परदेशातले चालक सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र नेतात. इथे परवान्याशिवाय ते जवळ ठेवणं बेकायदा आहे. फोनवर आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर ११२ लागू शकतो, म्हणून लावून बघायचाच. १०८ ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथवर आणणारी माणसं जवळच्या तांड्यावरची, वस्तीवरचीच असतात. म्हणून डोंगरात शिरण्याआधी शेवटच्या वस्तीवर थांबून कुणाला तरी सांगावं: दादा, या वाटेने वर चाललोय, चारपर्यंत इथूनच परत येईन.

काही जण हे मुद्दाम टाळतात, कारण ज्या वाटेने जायचंय तिथे जायला परवानगीच नसते. गौताळा-औट्रमघाट १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथे वाट सोडून गाडी घालणं हा वन्यजीव कायद्याचा भंग आहे. चोरून गेलेला माणूस कुठे पडलाय हे कुणालाच माहीत नसतं. जनावरांना होणारा त्रास वेगळाच.

घरी ठेवायच्या चिठ्ठीत गावांची नावं क्रमाने लिहावीत, शेवटच्या गावच्या पोलीस पाटलाचा नंबर लिहावा, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर तो नंबर फिरवायचा तेही. ‘संध्याकाळपर्यंत येतो’ चालणार नाही. सहाला फोन नाही तर सातला पोलीस पाटील, असं नेमकं हवं. वाट बदलायची वेळ आली तर माथ्यावर रेंज असतानाच मेसेज करून मग खाली उतरायचं. मेसेज गेला नाही तर चिठ्ठीत लिहिलेल्याच वाटेने परत यायचं.