सीरियल पोर्टवरचा आकडा आणि तारेतला प्रवाह

पाण्याच्या टाकीची पातळी संगणकावर घ्यायची आणि तिच्यानुसार आत येणाऱ्या पाण्याची झडप कमी-जास्त उघडायची, एवढेच काम माझ्यापुढे होते. पातळी मोजणारे उपकरण, म्हणजे ट्रान्समीटर, पातळीनुसार ४ ते २० मिलिॲम्पिअर प्रवाह देतो आणि झडप फिरवणारे यंत्र, म्हणजे ॲक्चुएटर, त्याच पट्ट्यातला प्रवाह घेतो. मधल्या दुव्यासाठी मी ॲडव्हान्टेक या कंपनीची दोन मॉड्यूल (तयार छोटी उपकरणे) घेतली : आठ ॲनालॉग इनपुटांचे ॲडम-४०१७ आणि एका ॲनालॉग आउटपुटाचे ॲडम-४०२१.

ही मॉड्यूल आरएस-४८५ या पद्धतीने तारेवर संदेश पाठवतात, तर संगणकाचा सीरियल पोर्ट आरएस-२३२ या वेगळ्या पद्धतीचा असतो. त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर लागतोच. आरएस-४८५ मध्ये संदेश दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकावर चालतो, म्हणून विद्युत मोटरच्या शेजारूनही तो बऱ्यापैकी सुखरूप जातो आणि कमी वेगात १२०० मीटरपर्यंत पोहोचतो. तारांची जोडी पिळाची असावी, आणि लांब लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावावा. नवे मॉड्यूल ०१ हा पत्ता आणि ९६०० बॉड (संदेश पाठवण्याचा वेग) घेऊन येते. त्यामुळे दोन नवी मॉड्यूल एकाच वेळी लाइनवर जोडली, तर दोन्ही एकदम उत्तर देतात आणि हाती काहीच लागत नाही. एकेक जोडून त्याचा पत्ता बदलावा आणि तो मॉड्यूलवर चिकटपट्टीने लिहून ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

टर्मिनल प्रोग्राममध्ये, म्हणजे पोर्टवर अक्षरे पाठवून उत्तर दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, हॅश (#), पत्त्याचे दोन अंक आणि एंटर एवढे दिले की आठही इनपुटांचे आकडे एका ओळीत येतात. ती ओळ प्रथम दिसली तेव्हा काम संपले असे मला वाटले होते. मात्र ट्रान्समीटरच्या मालिकेत मल्टीमीटर लावल्यावर त्यावर ४ मिलिॲम्पिअर आणि पडद्यावर ८ दिसले. ॲडम-४०१७ प्रत्यक्षात व्होल्टेज मोजते; प्रवाह मोजण्यासाठी इनपुटवर १२५ ओहमचा रोध बाहेरून लावावा लागतो, आणि आकडा त्याच रोधाच्या हिशेबाने निघतो. ४ ते २० मिलिॲम्पिअरचे १ ते ५ व्होल्ट करण्याच्या सवयीने मी २५० ओहमचा, म्हणजे दुप्पट रोध लावला होता, म्हणून आकडाही दुप्पट आला. रोध किती काटेकोर आहे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मॉड्यूल १६ बिटांचे, म्हणजे फार बारीक फरक ओळखणारे असले, तरी पाच टक्के सहिष्णुतेचा (खऱ्या किमतीत तेवढा फरक असू शकणारा) साधा रोध वापरला तर ती सारी सूक्ष्मता वाया जाते, म्हणून ०.१ टक्क्याचाच रोध घ्यावा.

वेगाबाबतही असाच गैरसमज होतो. हे मॉड्यूल सेकंदाला दहा नमुने घेते, पण ते सगळ्या चॅनेलांचे (इनपुटांचे) मिळून. आठही चॅनेल चालू असतील, तर एका चॅनेलचा आकडा ताजा व्हायला जवळपास पाऊण सेकंद लागतो. प्रोग्रामने त्याहून घाईने विचारले, तर तोच आकडा पुन्हा मिळतो. टाकीच्या पातळीला हा वेग भरपूर आहे.

आउटपुटच्या बाजूला मला सर्वांत उपयोगी वाटली ती दोन वेगळ्या वाचनांची सोय. डॉलर-चिन्ह, पत्ता आणि ६ असे विचारले की ॲडम-४०२१ त्याला शेवटी सांगितलेली किंमत परत देते. ६ च्या जागी ८ लिहिले की आउटपुटमध्ये वाहणारा प्रवाह मोजून त्याचा अंदाज देते. पहिल्या उत्तरावरून फक्त आज्ञा पोहोचल्याचे कळते. दुसऱ्या उत्तरामुळे तार सुटली आहे का, तेही कळू शकते. म्हणून माझा प्रोग्राम प्रत्येक आज्ञेनंतर दुसरे वाचन घेतो आणि फरक आढळल्यास सूचना देतो.

आणखी एक काळजी घ्यावी लागली. प्रोग्राम अडकला, तरी मॉड्यूल शेवटचा प्रवाह तसाच धरून ठेवते, आणि तेव्हा झडप उघडी असेल तर टाकी वाहू लागेल. वीज गेल्यावर परत येताना आउटपुट कोणत्या किमतीवर सुरू व्हावे हे मॉड्यूलमध्ये साठवता येते. तिथे मी ४ मिलिॲम्पिअर, म्हणजे मिटलेली झडप, ठेवली. शिवाय टाकीच्या वरच्या कडेला एक फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून वर उचलला की प्रवाह तोडणारा स्विच) बसवून तो ॲक्चुएटरच्या प्रवाहमार्गात मालिकेत जोडला, आणि प्रवाह तुटला की झडप मिटेल अशी ॲक्चुएटरची मांडणी केली. मग संगणक बंद करून, टाकीजवळ उभे राहून पाणी फ्लोटपर्यंत चढू दिले, झडप मिटली.