करडं काँक्रीट, तांबडी वीट आणि कानविंदे

बांधकामाच्या साइटवर माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे कुठल्याही इमारतीत शिरले की माझी नजर आधी भार कुठून कुठे उतरतोय ते शोधते. हल्लीच्या काचेच्या आणि पत्र्याच्या आवरणाखाली ते दिसतच नाही. भाचा आयआयटी कानपूरला शिकायला गेला, म्हणून तिथे जाणं झालं. वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे यांनी उभ्या केलेल्या त्या इमारतींमध्ये हिंडताना मला एकदाही नकाशा मागावासा वाटला नाही. करडं काँक्रीट दिसेल तिथे भार आहे, तांबडी वीट दिसेल तिथे नुसती भरणी. साठच्या दशकातलं काम, पण आजही कुणीही डोळ्यांनी वाचावं इतकं उघड.

कानविंदे आमच्या सिंधुदुर्गातले, आचऱ्याचे. जन्म १९१६चा. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून ते अमेरिकेत हार्वर्डला आधुनिक वास्तुरचनेच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे गेले. तळकोकणातली जुनी जांभ्याची घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रवास किती लांबचा आहे ते चटकन कळेल. तिथे भिंत हातभर जाड, कारण छपराचं ओझं तिच्यावर. खिडकी लहान, कारण मोठं भगदाड ठेवलं तर वरचा भार पेलणार कोण? आरसीसीच्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, सांगाड्याने भिंतीची या ओझ्यातून सुटका केली. स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर, कॉलमचा पायात. मग भिंत हवी तिथे घ्या, नको तिथे घेऊच नका. आधुनिक वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांची प्रसिद्ध पाच सूत्रं (खांबांवर उचललेलं घर, मोकळा प्लॅन, मोकळा दर्शनी भाग, आडवी लांब खिडकी, गच्चीतली बाग) या एकाच सुटकेतून निघाली आहेत.

पण युरोपातली आडवी खिडकी उचलून कानपूरच्या उन्हात बसवली तर आत माणूस भाजून निघेल. मे महिन्यात तिथे पारा पंचेचाळिशीला टेकतो, वर लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा. म्हणून कॅम्पसमध्ये मला सगळ्यात आवडले ते इमारतींना जोडणारे सावलीचे मार्ग. मधोमध ग्रंथालय, भोवती विभाग, गाड्या बाहेरच्या बाहेर. पोरं चालत येतात, वाटेत थांबतात, गप्पा मारतात. माझ्या मते आधुनिक वास्तुरचनेची खरी परीक्षा इथे होते, फोटोत नाही.

आता काँक्रीटबद्दल. उघडं काँक्रीट स्वस्तातलं काम, असं लोकांना वाटतं. गिलावा वाचला ना! साइटवरच्या माणसाला विचारा. गिलाव्याखाली शंभर चुका झाकल्या जातात. उघड्या कामात शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांची सांध सरळ नसेल तर ती कायमची दिसते. सांध्यातून सिमेंटचं पाणी गळलं, किंवा ओलं काँक्रीट हलवून दाबून बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरला नाही, की तिथे हनीकोंब: उघडी खडी, पोकळ जागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं कव्हर, म्हणजे सळई आणि बाहेरचा पृष्ठभाग यांतलं काँक्रीट. सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत तो गुण मारत जातो. कव्हर कमी पडलं तर गंज लवकर धरतो, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात.

म्हणूनच जुन्या उघड्या काँक्रीटवर सरसकट ऑइलपेंट फासलेला पाहिला की मला मनापासून वाईट वाटतं. मी एका संस्थेत हे डोळ्यांदेखत होताना पाहिलंय, आणि करडं-तांबडं सगळं एकाच पिवळट रंगाखाली गेलं. तुमच्या ताब्यात अशी इमारत असेल तर आधी हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते बघा, तेवढाच भाग फोडा, सळई घासून साफ करा आणि जुन्या रंगाशी जुळणाऱ्या मिश्रणाने भरा. नमुन्याचा तुकडा आधी करून वाळू द्या, कारण ओला रंग फसवतो. वरून पाणी अडवायचं असेल तर सिलेन नावाचं रंगहीन द्रव्य मिळतं, ते काँक्रीटमध्ये मुरतं. फळ्यांच्या खुणा त्याने जशाच्या तशा राहतात.