सूत काट्यावर, डेटा वाऱ्यावर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही टॉवेल कारखान्याच्या गेटवर तासभर उभं राहा, सुताची पोती बाहेर जाताना दिसतील. कुणाचं खळ द्यायला सायझिंगला, कुणाचं रंगवायला डाईंगला. प्रत्येक गाडीबरोबर चलान, काट्यावरचं वजन, शेड, लॉट नंबर. रंगून आलं की पुन्हा काटा. घट ठरल्यापेक्षा जास्त निघाली तर आमचे मालक डाईंगवाल्याला फोनवर जे बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नसतं, आणि बरंचसं तेलुगूत असतं.

म्हणजे काम बाहेर देणं सोलापूरला कुणी शिकवायला नको. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटी कायदा तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतो, हे आमच्या गेटवरच्या क्लार्कलाही पाठ आहे. पण हेच आम्ही आपला स्टॉक, खातेवह्या, कामगारांचे पगार, परदेशी गिऱ्हाइकांशी झालेला सगळा पत्रव्यवहार पुण्यातल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या हवाली करतो तेव्हा ना चलान, ना काटा. काय दिलं, किती दिलं, परत कसं मिळणार, कुणी विचारतच नाही.

मी एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते. कॉम्प्युटरही माझ्याच गळ्यात. आमच्यासारख्या मध्यम कारखान्यात आयटी डिपार्टमेंट म्हणजे जिला पासवर्ड आठवतो ती बाई.

बाहेर देऊच नका, असं मी म्हणत नाही. सर्व्हर सांभाळणारा, ईआरपी (स्टॉक, बिलं, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) समजणारा, रात्री फोन उचलणारा माणूस पगारावर ठेवायचा म्हटलं तर परवडत नाही, आणि परवडला तरी टिकत नाही. इथली इंजिनिअर झालेली पोरं हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जातात ती हिंजवडीचीच होतात. त्यांना दोष कसा द्यायचा? तेव्हा काम बाहेर जाणारच. भांडण आहे ते कसं जातं यावर.

आमच्याकडचं डोमेनचं, म्हणजे वेबसाइट नि ईमेलच्या पत्त्यातल्या नावाचं, प्रकरण सांगते. कारखान्याची वेबसाइट नि ईमेल मी येण्याच्या आधीपासून एका एजन्सीकडे होती. नाव घेत नाही. डोमेन आमच्या कारखान्याच्या नावाचं, पण नोंदणी एजन्सीच्या खात्यात, आणि खात्याला जोडलेला ईमेल तिथल्या एका मुलाचा. मुलगा नोकरी सोडून गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिल्या. एका सोमवारी आमचे सगळे मेल थांबले. आम्हाला वाटलं नेट गेलं. दुपारी दुबईच्या गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर विचारलं, ‘तुमचा कारखाना बंद झाला का? मेल परत येतोय.’ डॉट कॉमची मुदत संपली की काही दिवस ते नेहमीच्या दरात परत घेता येतं, त्यानंतर ३० दिवस जबरी रक्कम भरून, आणि त्यानंतर कुणीही उचलावं. आम्ही मधल्या टप्प्यात सापडलो. पैसे गेले त्याचं एक वेळ सोडा. पण खातं आमच्या नावावर करून घ्यायला एजन्सीच्या इतक्या विनवण्या कराव्या लागल्या की धाकटे मालक म्हणाले, ‘आपलंच घर, आणि किल्लीसाठी भाडेकरूच्या पाया पडतोय आपण.’

तेव्हापासून माझा पहिला नियम: डोमेन, क्लाउडचं खातं, जीएसटी पोर्टलचं लॉगिन, बँकेचं लॉगिन हे कारखान्याच्या नावावर, कारखान्याच्या ईमेलवर, ओटीपी कारखान्याच्या मोबाइलवर. वेंडरला हवा तेवढाच प्रवेश द्यायचा, आणि काम संपलं की काढून घ्यायचा. एक पैसा न लागणारं काम आहे हे. तरी ओळखीच्या कारखान्यांत विचारते तेव्हा दहापैकी आठ जण म्हणतात, ‘ते सगळं त्यांच्याकडेच असतं.’

दुसरं दुखणं परतीचं. ईआरपी बदलायचं ठरलं तेव्हा जुन्या कंपनीनं ‘तुमचा सगळा डेटा देतो’ म्हणून एक फाइल दिली. ती उघडायला त्यांचंच सॉफ्टवेअर लागायचं, आणि त्याचं लायसन्स महिनाअखेरीला संपत होतं. एक्सेलमध्ये मागितला तर वेगळा दर सांगितला. शेवटी मिळाला, पण पार्टीचे शिल्लक आकडे होते आणि त्यामागची बिलं नव्हती. डाईंगवाल्यानं रंगवलेलं सूत ठेवून घेऊन ‘सुटं करायचे वेगळे पैसे’ म्हटलं असतं, तर आमच्या मालकांनी गाडी घेऊन त्याचं गेट गाठलं असतं. इथं गेट कुठलं गाठायचं?

मोठ्यांची गत वेगळी नाही. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं सगळी खाती एकदम नव्या प्रणालीवर नेली. काम कुणा परक्याकडे नव्हतं, मालक असलेल्या स्पॅनिश बँकेच्याच आयटी कंपनीकडे होतं, आणि त्या कंपनीनं पुढं बरंच काम आणखी इतरांना दिलं होतं. लाखो लोकांना स्वतःची खाती उघडता येईनात. गाडी पूर्ण रुळावर यायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. पुढच्या वर्षी बँकेच्या माजी तंत्रज्ञान प्रमुखाला स्वतःच्या खिशातून ८१ हजारांवर पौंड भरायला लावले. पुरवठादाराची खरोखर तयारी झाली आहे का, हे त्यानं पुरेसं तपासलं नाही म्हणून. पुरवठादारानं ‘रेडी’ म्हटलं आणि यानं मान डोलावली. हे वाचलं आणि गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टीम सुरू व्हायच्या, आदल्या दिवशीचे आमचे फोन आठवले.

आपल्याकडचं उदाहरण तर घराजवळचं आहे. ३१ जुलै २०२४ ला यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं, कारण तिच्यावर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला होता. टीसीएस आणि स्टेट बँक यांची ही भागीदारीतली कंपनी छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा पुरवायची. सुमारे ३०० बँकांचं यूपीआय, एटीएम अडकलं. त्या बँकांनी स्वतः काहीच चुकीचं केलं नव्हतं. सगळ्यांनी एकाच दारातून जायचं ठरवलं होतं, एवढंच.

याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, रिझर्व्ह बँकेनं आयटी कामं बाहेर देण्याबद्दल सविस्तर निर्देश काढले होते. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी तुमचीच, बाहेर पडायची योजना आधी तयार ठेवा, पुरवठादाराचं ऑडिट करायचा हक्क करारात ठेवा, त्यानं पुढं कुणाला काम दिलं ते माहीत असू द्या. टियर १ आणि २ च्या, म्हणजे छोट्या, नागरी सहकारी बँका त्यातून वगळल्या होत्या, आणि टॉवेलवाल्यांचा तर प्रश्नच नाही. पण निर्देश वाचायला कुणी बंदी केलेली नाही. मी चहाबरोबर वाचले आणि निम्मे आमच्या करारात उतरवले. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातही तेच सूत्र: कामगारांचे आधार नि बँक खाते क्रमांक वेंडरकडून फुटले, तरी कायद्यापुढं उभं राहायचं ते कारखान्यानं. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. एवढ्यात अख्खी एमआयडीसी विकली जाईल.

आता जमलं ते काय, तेही सांगते.

नव्या कंपनीची निवड करताना तिघांचे दर आले. मोठ्या मालकांचा ओढा सगळ्यात स्वस्ताकडे, साहजिकच. मी एवढंच म्हटलं की तिघांचाही माणूस एक दिवस पॅकिंगमध्ये बसू दे. एक आलाच नाही. दुसरा एसी केबिनमधून हलेना. तिसऱ्याकडचा मुलगा पॅकिंगच्या बायकांशेजारी खाली बसला आणि तासाभरात त्यानं विचारलं, ‘सूत किलोत येतं, टॉवेल डझनात जातो, मग मधली घट कुठं लिहिता?’ आमचा सगळा धंदा त्या एका प्रश्नात आहे. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती घट लिहायला रकानाच नव्हता, म्हणून तीन वर्षं आम्ही ती एका वेगळ्या वहीत लिहीत होतो. काम त्यालाच दिलं. करारात घालून घेतलं की पहिलं वर्ष हाच मुलगा राहील, बदलला तर नव्याला महिनाभर त्याच्याबरोबर बसवायचं.

प्रतिसादाच्या वेळेवरूनही घासाघीस झाली. ‘चार तासांत प्रतिसाद’ असं ते लिहितात, आणि प्रतिसाद म्हणजे ‘तिकीट मिळालं’ एवढा मेल. आम्ही उदाहरणानं लिहिलं: आमची उलाढाल ५ कोटींच्या वर, म्हणजे ई-इन्व्हॉइस, सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं. संध्याकाळी कंटेनर भरून उभा आहे, सिस्टीममधून आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक, निघत नाही, ट्रान्सपोर्टवाला हॉर्न वाजवतोय, न्हावाशेवा बंदरात गेट बंद व्हायची वेळ ठरलेली आहे. अशा वेळी अर्ध्या तासात माणूस फोनवर, आणि नाही जमलं तर सरकारी पोर्टलवरून हातानं इन्व्हॉइस कसं काढायचं ते त्यांनी आमच्या दोघांना आधीच शिकवून ठेवायचं. अपडेट टाकायचे ते ११ आणि २० तारखेच्या आसपास अजिबात नाहीत, जीएसटी रिटर्नचे दिवस असतात. सिद्धेश्वर यात्रेतही नाहीत. त्या दिवसांत इथं फोन उचलायला मीसुद्धा नसते.

आणि दर तीन महिन्यांनी ते बॅकअप देतात, तो आम्ही त्यांच्याविना, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघतो. दोन-चार पार्ट्यांची खाती जुळवतो. आमच्या भाषेत, काटा करतो. पहिल्या वेळी त्यांना ते झोंबलं. ‘विश्वास नाही का मॅडम?’ म्हणाले. डाईंगवाला तीस वर्षांचा आहे आमचा, त्याचंही सूत मोजूनच घेतो, म्हटलं.

करार पुढच्या महिन्यात पुन्हा करायचा आहे. एका कलमावर गाडी अडली आहे: करार संपल्यावर ९० दिवस त्यांनी जुन्या दरात साथ द्यायची, आणि डेटा बिलांसकट एक्सेलमध्ये. ते ३० दिवसांवर आहेत. मोठे मालक म्हणतात ६० वर तोडून टाक. मी अजून हो म्हटलेलं नाही.