औंधचं म्युझियम: रविवर्म्याकडे धावायच्या आधी

यमाई आमची कुलदेवी, त्यामुळे साताऱ्याजवळच्या औंधला लहानपणापासून जातोय, पण दरवेळी दर्शन, ओटी आणि परत, टेकडीवरचं म्युझियम कायम राहूनच जायचं. ह्या रविवारी मी आणि आई खास त्याच्यासाठी गेलो. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे गेलो, सव्वा तास लागला.

श्री भवानी संग्रहालय १९३८ मधलं, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं. राजा स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचा प्रचार करणारा, आणि १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळावरची जागा देणारा पण हाच माणूस. हे डोक्यात ठेवून आत गेलात की कळतं, हा संग्रह नुसत्या हौसेतून झालेला नाही, हाताने घडवलेल्या वस्तूची त्याला मनापासून कदर होती.

बहुतेक लोक येतात रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रं आणि हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं माय-लेकरू बघायला. ते बघाच, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात हेन्री मूर आहे ही साधी गोष्ट नाही. पण त्या नादात हस्तिदंत आणि चंदनाच्या कोरीवकामासमोरून सरळ पुढे जाऊ नका प्लीज, आमच्यासमोर दोन फॅमिली अशाच निघून गेल्या आणि मला खरंच वाईट वाटलं. हस्तिदंताशी वाकून बघा, कापलेली बाजू दिसली तर तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी असते, हाडात ती नसते. भारतीय हत्तीच्या दातांचा व्यापार १९८६ पासून बंद आहे, तो व्हायलाच हवा होता, पण त्यामुळे ही कारागिरी आता अशीच काचेमागे बघायला मिळणार. आई चंदनाच्या कामापुढे पंधरा मिनिटं उभी होती, म्हणाली, "एवढं बारीक कोरताना श्वास कसा धरला असेल गं!"

जाणाऱ्यांनी दीड-दोन तास तरी ठेवा आणि आधी वस्तू बघा मग चित्रं, कारण चित्रांनी डोळे भरले की छोट्या वस्तूंकडे लक्षच जात नाही. सोमवार टाळा. आत आम्हाला फोटो काढू दिले नाहीत, त्यामुळे काही टिपायचं असेल तर वही-पेन्सिल न्या. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांच्या भानगडीत पडू नका, गाडी वर जाते. पाणी खाली गावातूनच भरून घ्या, आणि पौषात यमाईची यात्रा असते तेव्हा नुसतं म्युझियम बघायचं म्हणून येऊ नका, गर्दीत काहीच निवांत बघता येणार नाही.